हलू नकोस

नवरा-बायको दोघंही फोटोग्राफर असले, की त्या घरात दोघांचा एक धड फोटो सापडायचा नाही. कुणाला सांगून पटत नाही, पण असंच असतं. तो जगाचे फोटो काढत हिंडतो, ती जगाचे फोटो काढत हिंडते, आणि घरच्या भिंतीवर लटकतं ते कॅलेंडर.

नवरा वर्तमानपत्रात होता. त्याला ऑफिसात सगळे भिंगरी म्हणायचे आणि ते नाव असं चिकटलं होतं, की घरी फोन करणारेसुद्धा त्याच्या आईला बिनदिक्कत विचारायचे, "भिंगरी आहे का?" आई म्हणायची, "आत्ता होता. आता कुठे असेल ते तुम्हीच बघा." कुठे आग लागली, कुठे सभेत खुर्च्या उडाल्या, कुठे बंद हॉलमध्ये सामना रंगात आला, की हा पळालाच. घरात तरी बसावं माणसानं? छे! बोलता बोलता उठणार, उठता उठता हात नाचवणार, आणि चहाचा कप स्वतःच कुठेतरी ठेवून स्वतःच घरभर शोधत फिरणार.

बायको म्युझियममध्ये होती, जुन्या कापडांच्या विभागात. उजेडानं जुन्या कापडाचा रंग उडतो, म्हणून तिथे दिवे इतके मंद ठेवलेले, की नवखा माणूस दारातच ठेचकाळतो. फ्लॅश बंद. कॅमेऱ्याखालची तिवईसुद्धा बंद, कारण मागे एकदा कुणाच्या तरी तिवईचा पाय काचेच्या कपाटाला लागला होता आणि साहेबांनी तेव्हाच कानाला खडा लावला. तेव्हा ही बाई कॅमेरा हातात धरायची, कोपरं बरगड्यांना टेकवायची, श्वास रोखायची आणि शटर चांगलं अर्धा-पाऊण सेकंद उघडं ठेवून फोटो घ्यायची. लेन्समध्ये स्टॅबिलायझर होता. हाताची बारीकसारीक थरथर तो आतल्या आत जिरवून टाकायचा. तिच्या फोटोत दोनशे वर्षांपूर्वीच्या शालीचा एकेक धागा मोजून घ्यावा. नवरा तिला खांब म्हणायचा. चारचौघांतसुद्धा. "हा आमचा खांब," अशी ओळख करून द्यायचा आणि तिनं डोळे वटारले की म्हणायचा, "बघा, डोळे सोडून काही हललं का?"

त्यांची भांडणं व्हायची ती एकाच गोष्टीवरून. जेवणाच्या टेबलावर तिला याचा फोटो घ्यायची लहर यायची. वर एक जुनाट दिवा, पिवळट. हा समोर बसून काहीतरी रंगवून सांगतोय.

"आयएसओ चढव," तो म्हणायचा.

आयएसओ चढवायचा म्हणजे कॅमेऱ्याला कमी उजेडात जास्त दिसेल असं करायचं. मग शटर झटकन मिटतं आणि धावता माणूससुद्धा जागच्या जागी पकडला जातो. पण त्या बदल्यात फोटोवर बारीक दाणे येतात, कुणी मीठ भुरभुरल्यासारखे. भिंगरीचे सगळे फोटो असे खारवलेले. त्याला त्याचं काही वाटत नसे. हिच्या अंगावर मात्र काटा यायचा.

"मला ते मीठ नको," ती म्हणायची. "स्टॅबिलायझर आहे. शटर संथ ठेवते. स्वच्छ येईल."

"अगं, तुझा स्टॅबिलायझर तुझा हात सांभाळतो. माझं थोबाड कोण सांभाळणार?"

"तू सांभाळ. हलू नकोस."

"मी हलतो. मी शाल नाहीये."

"एक सेकंद गप्प बसायला काय जातं रे तुझं?"

"जीव जातो," तो म्हणायचा आणि हसायचा, आणि ती नेमकं तेव्हाच बटण दाबायची. फोटोत टेबल लख्ख. वाटी, चमचा, मागच्या भिंतीचा पोपडा, सगळं जिथल्या तिथे. आणि मधोमध माणसाच्या जागी एक पुसट डाग, दात तेवढे पांढरे. ती चिडायची, तो खूश व्हायचा, आणि पुढच्या खोलीत शिलाई मशीनवर बसलेल्या सासूबाई ओरडायच्या, "जेवा रे आधी! अन्न गार होतंय, आणि तुमचा उजेड काही वाढत नाहीये!"

सासूबाई बायकांचे कपडे शिवायच्या. वय झालं तरी गिऱ्हाईक सुटलं नव्हतं. सुनेशी त्यांचं बरं होतं, म्हणजे दोघींनाही एकमेकींच्या कामात नाक खुपसायची सवय नव्हती, आणि घर चालायला तेवढं पुष्कळ झालं.

मग भिंगरीचं हृदय थकलं. डॉक्टरांनी ते असंच सांगितलं, थकलं म्हणून. आधी जिना चढताना धाप, मग सपाटीवर धाप, मग बोलताना. दवाखान्याच्या वाऱ्या झाल्या, नळ्या झाल्या, आणि शेवटी डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, घरी न्या, त्याला बरं वाटेल. कशानं बरं वाटेल ते काही सांगितलं नाही.

घरी आतल्या खोलीत त्याला उशांना टेकवून बसवलं. आडवं झालं की गुदमरायचा. औषधांनी डोळे चुरचुरायचे, उजेड सोसायचा नाही, म्हणून पडदे दिवसभर ओढलेले. भर दुपारीसुद्धा त्या खोलीत म्युझियमसारखा उजेड. अंग असं आटलं होतं, की सासूबाईंनी त्याचे सगळे शर्ट उसवून आत घेतले, बटणं सरकवून पुन्हा लावली. पण हात काही थांबले नाहीत. बोलायला दम पुरेना तर तो हातांनी बोलायचा. चादरीवर बोटं वाजवायचा. बायकोनं रजा काढली होती. ती खुर्चीवर बसून त्या बोटांकडे बघत राहायची, आणि तिला वाटायचं हे बोटांचं चाललंय तोवर चाललंय.

त्या दुपारी सासूबाई औषधं आणि दोरा आणायला बाहेर पडल्या होत्या. तो बराच वेळ डोळे मिटून होता. मग म्हणाला, "खांब, एक फोटो काढ माझा."

"आत्ता?"

"मग कधी? पेपरवाले ओळखपत्रावरचा छापतील. त्यात मी पाकीटमार दिसतो."

"काहीतरी बोलू नकोस."

"आण गं. आमचेच लोक आहेत, मला ठाऊक आहे. शोधायचा कंटाळा करतील."

ती उठली. कॅमेरा आणला. खरं सांगायचं तर तिला बरं वाटलं. इतके दिवस हातावर हात ठेवून बसली होती. हातात काहीतरी आलं. खुर्ची पलंगासमोर ओढून बसली, कोपरं बरगड्यांना टेकवली.

"आयएसओ चढव," तो म्हणाला.

"तुझ्या तोंडावर मीठ मला नको."

"मीठ चालेल. चेहरा तर येऊ दे एकदा."

"येईल. हलू नकोस म्हणजे येईल."

तो हसला. दम घेतला. म्हणाला, "बरं बाई. आज तुझ्या मनासारखं." तो बोलत होता तेवढ्यात तिनं एक काढला. मग त्यानं हात चादरीवर ठेवले, मान उशीला टेकवली, आणि सरळ तिच्याकडे, म्हणजे लेन्सकडे बघत राहिला.

ती फोटो काढत गेली. दुसरा काढला, तिसरा, चौथा. संथ शटर, मधे तो छोटासा आवाज, पुन्हा श्वास रोखायचा. थोडी डावीकडे सरकली. थोडी पुढे झाली. कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या पडद्यावर फोटो मोठा करून बघितला, तर पापणी न् पापणी वेगळी! लग्नाला इतकी वर्षं झाली, असा फोटो कधी आला नव्हता. तिचा जीव भांड्यात पडला. ती त्याला म्हणालीसुद्धा, "आज काय शहाण्यासारखा बसलायस रे!" आणि हात आवरेना म्हणून अजून दोन-तीन काढले.

मग कॅमेरा खाली केला आणि म्हणाली, "झालं. हल आता."

तो हलला नाही.

तिला वाटलं चेष्टा करतोय. चेष्टाच केली असती त्यानं, त्यात काही नवल नव्हतं. "पुरे ना," ती म्हणाली. "झालं म्हटलं ना. हल." तो तसाच तिच्याकडे बघत होता. तिसऱ्यांदा ती जोरात म्हणाली, ओरडलीच जवळजवळ, आणि त्या खोलीत दुसरा काहीच आवाज नाही हे तिला तेव्हा कळलं.

तिनं कॅमेरा टेबलावर ठेवला. लेन्सला टोपण लावलं. मग उठून त्याच्या जवळ गेली.

सासूबाई आल्या तेव्हा तो तसाच उशांना टेकलेला होता, डोळे तेवढे तिनं मिटले होते. त्यांच्या हातातली पिशवी कुठे पडली कुणास ठाऊक. बराच वेळ त्या त्याच्या तोंडावरून हात फिरवत राहिल्या. मग वळल्या आणि विचारलं, "एकटा नव्हता ना गं गेला?"

"नाही. मी इथेच होते."

"हात धरला होतास ना त्याचा?"

"हो," ती म्हणाली.

एवढंच. एक अक्षर. तिनं ते खोटं ठरवून सांगितलं नाही. म्हातारी बाई समोर उभी, तोंड वासून, जणू तेवढ्या एका अक्षरावर तिचं उभं राहणं अवलंबून होतं. दुसरं काय म्हणणार होती ती? पण सासूबाईंनी ते अक्षर धरलं आणि सोडलं नाही. जो येईल त्याला सांगायच्या. नणंद लांबून आली, तिला सांगितलं. शेजारीपाजारी, ऑफिसचे लोक, फोनवरचे लोक. "सूनबाईच्या हातात हात होता त्याचा. सुखानं गेला." आणि सगळे सुनेकडे बघायचे, आणि ती मान हलवायची.

रडली मात्र नाही. लोक म्हणाले, फार खंबीर आहे. कसली खंबीर! तिला काही वाटतच नव्हतं. कप धुवायची, पुसायची, कप जागेवर ठेवायची, आणि मग तो कप आपण ठेवला की नाही हे बघायला परत जायची. कुणी गळ्यात पडून रडलं की तिला त्या बाईच्या केसांचा वास यायचा, तेलाचा, आणि ती मनात म्हणायची, बदाम. आपल्याला काहीच वाटत नाही याची तरी भीती वाटावी. तीही वाटत नव्हती. पेपरात ओळखपत्रावरचाच फोटो आला. अगदी पाकीटमार. तिनं बघितला, घडी घातली आणि पेपर रद्दीत ठेवला.

कामावर लवकरच रुजू झाली. साहेब म्हणाले, अजून थोडे दिवस राहा घरी. ती म्हणाली, घरी काय करू? तो प्रश्न खरा होता.

नणंद परत गेल्यावर सासूबाईंनी फोटोची गोष्ट काढली. बाहेरच्या खोलीत, मशीनच्या समोरच्या भिंतीवर त्यांना मुलाचा मोठा फोटो हवा होता. "शिवताना मान वर केली की दिसला पाहिजे," त्या म्हणाल्या. "तू बघ. एक चांगलासा काढून दे मोठा करून. नीट दिसणारा. मला आता डोळ्यांनी कमी दिसतं, ते पुसट-बिसट नको."

इथे घोडं अडलं. त्यानं काढलेले फोटो कपाटंच्या कपाटं भरून, पण त्यात तो कसा असणार? आणि तिनं काढलेले सगळे जेवणाच्या टेबलावरचे, टेबल लख्ख आणि माणूस वाहून गेलेला. फ्रेमवाल्यानं तिच्याकडचे दोन-तीन बघितले आणि ओशाळून म्हणाला, "ताई, दुसरा नाही का एखादा? तुम्ही दोघं तर यातलेच ना." ती म्हणाली, "यातलेच."

म्हणजे राहिले ते त्या दुपारचे. कॅमेऱ्यातलं कार्ड तिनं तेव्हापासून बाहेर काढलंच नव्हतं.

ते तिनं म्युझियममध्ये उघडलं, जेवणाच्या सुट्टीत, सगळे बाहेर गेल्यावर. तिथला स्क्रीन मोठा आणि खोटं न बोलणारा. शालींचे धागे तपासायचा. तिनं पहिला फोटो उघडला. यात तो बोलतोय, 'तुझ्या मनासारखं' मधलं काहीतरी. ओठ पुसटलेत, एक हात अर्धा उचललेला, त्याची बोटं विरघळल्यासारखी. दुसऱ्यात तोंड मिटलंय, हात चादरीवर. चेहरा चांगला आलाय. तिनं सवयीनं फोटो मोठा केला आणि सवयीनंच चेहऱ्याऐवजी कापडाकडे गेली. छातीवरचं शर्टाचं बटण. त्याची कड जराशी ओढल्यासारखी, वर-खाली. आपला हात हलला म्हणावं तर मागची उशी लख्ख होती. म्हणजे कॅमेरा स्थिर होता आणि बटण हललं होतं. श्वास. अर्ध्या-पाऊण सेकंदात छाती जेवढी वर येते तेवढी.

तिसऱ्यातही बटण ओढलेलं होतं, पण कमी. चौथ्यात ते गोल होतं. चार भोकं, त्यांतून जाणारा दोरा, दोऱ्याचा पीळसुद्धा दिसत होता.

तिनं पाचवा उघडला. सहावा. पुढचे सगळे. बटण गोलच.

ती पुन्हा तिसऱ्यावर गेली, मग चौथ्यावर. तिसरा, चौथा. तिसरा, चौथा. दोन्हींत चेहरा तोच, बघणं तेच. जगात दुसऱ्या कुणालाही यातला फरक कळला नसता. आणि चौथ्यानंतर ती डावीकडे सरकली होती, पुढे झाली होती, पडद्यावर बघून खूश झाली होती, आज काय शहाण्यासारखा बसलायस म्हणाली होती. कुणाला? तिनं स्वतःलाच विचारलं, अगदी साधं, एखाद्या शालीचा नोंदवहीतला नंबर विचारावा तसं. मग लोक जेवून परत आले, आणि तिनं स्क्रीन बंद केला आणि पुढच्या शालीचं काम सुरू केलं. हात लागला होता कामाला. चांगलं झालं काम.

पहिला, तिसरा आणि चौथा, असे तीन छापून घेतले. तीन का, हे तिलाही सांगता आलं नसतं. घरी येऊन ते सासूबाईंच्या मशीनवर ठेवले, शिवणाच्या कपड्यांच्या बाजूला.

सासूबाईंनी चष्मा पुसला. पहिला उचलला. "हा हललाय." खाली ठेवला. बाकीचे दोन खिडकीशी नेले, उजेडात आळीपाळीनं धरले. शिवणकाम करणाऱ्या बाईची नजर ती, कापडाकडे जायचीच.

"अगंबाई," त्या म्हणाल्या. "यात तर माझा टाकासुद्धा दिसतोय बघ. बटणाचा. तेव्हा नुकतंच लावलं होतं मी ते." चौथा त्यांच्या हातात होता. "हा छान आहे. किती स्वस्थ बसलाय! जन्मात असा बसला नव्हता. आणि डोळे बघ, आपल्याकडेच बघतोय. हाच दे मोठा करून."

सून उभी होती. हो म्हणायचं होतं फक्त. मागे एकदा म्हटलंच होतं, आणि त्यावर एक म्हातारी बाई इतके दिवस तगली होती. अजून एक हो. मग तो फोटो त्या भिंतीवर लागणार, सासूबाई दर टाक्याला मान वर करून त्याच्याकडे बघणार, आणि ही रोज कामावर जाताना आणि येताना त्याच्या समोरून जाणार. सगळं निभावलं असतं. लोक याहून मोठं खोटं घेऊन संसार करतात.

"हा नको, आई," ती म्हणाली.

"का? काय वाईट आहे यात?"

"यात तो नाहीये."

सासूबाईंना कळलं नाही. कसं कळावं? त्या फोटोकडे बघून म्हणाल्या, "म्हणजे काय? मग हा कोण आहे?"

तेव्हा तिनं सांगितलं. उभ्या उभ्या, एकाच सुरात, म्युझियममध्ये पाहुण्यांना शालीची माहिती देतात तसं. शटर कसं उघडं राहतं ते सांगितलं. त्यानं फोटो काढायला सांगितलं, तो आयएसओ चढव म्हणाला, आपण ऐकलं नाही, हलू नकोस म्हटलं, आणि तो हलला नाही. तिसऱ्या फोटोतलं बटण दाखवलं, चौथ्यातलं दाखवलं. यात श्वास आहे, यात नाही. यानंतरही मी काढत होते, आई. मला वाटलं माझं ऐकतोय.

सासूबाई दोन्ही फोटोंकडे बघत होत्या. एकदा इकडे, एकदा तिकडे. मग चष्मा काढला.

"मग हात?" त्यांनी विचारलं.

हा प्रश्न येणार हे तिला ठाऊक होतं. तरी तो ऐकताना तिला भीती वाटली, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

"हात चादरीवर होता," ती म्हणाली. "माझे दोन्ही हात कॅमेऱ्याला होते."

सासूबाई मशीनच्या स्टुलावर बसल्या. पाय पायडलवर ठेवला, पण मशीन चालवलं नाही. त्या रागावल्या होत्या, आणि तो राग लपवायचा प्रयत्न त्यांनी केला नाही. "मी सगळ्यांना सांगितलं," त्या म्हणाल्या. "त्याच्या बहिणीला सांगितलं. दारात आलेल्या परक्या माणसांना सांगितलं. तू तिथेच उभी होतीस."

"हो."

"मान डोलवत होतीस."

"हो."

"हात धरला असतास तर तुला कळलं असतं. त्या क्षणी कळलं असतं."

"हो, आई."

सासूबाईंनी तोंड फिरवलं. खाली रस्त्यावर कुणीतरी शटर ओढलं, दुकानाचं. स्वयंपाकघरात फ्रिज गुरगुरला आणि थांबला. सुनेला वाटलं आता त्या म्हणतील, जा माझ्यासमोरून. ती गेलीही असती. तिनं मशीनवरचे फोटो गोळा करायला हात पुढे केला, तर सासूबाईंनी चौथ्यावर हात ठेवला.

"राहू दे तो."

"बरं."

"भिंतीवर तो पहिला लाव. हललेला. हा माझ्या कपाटात ठेवते मी." त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "त्याला काय म्हणालीस शेवटी?"

"कधी?"

"शेवटी. फोटो काढून झाल्यावर."

तिला ते सांगायचं नव्हतं. बाकी सगळं सांगितलं होतं, तेवढंच गिळलं होतं. लाज वाटत होती तिला त्याची. "झालं, हल आता, असं म्हणाले," ती म्हणाली. "दोन-तीनदा म्हणाले. ओरडले."

सासूबाई त्या फोटोतल्या बटणावरून अंगठा फिरवत राहिल्या.

"मी त्याचं माप घेत होते ना मागे, शर्ट आत घ्यायला," त्या म्हणाल्या. "हातात टाचण्या होत्या. तेव्हासुद्धा डाफरले त्याच्यावर. हलू नकोस म्हटलं. पाळण्यात होता तेव्हापासून मी त्या पोराला दुसरं काही म्हणालेच नाही. गप पड. एका जागी बस. हलू नकोस." त्यांनी फोटो मशीनवर ठेवला. "तू निदान हल म्हणालीस त्याला."

सून खाली बसली, तिथेच, फरशीवर, कापडाच्या चिंध्यांत. रडू अजूनही येत नव्हतं. सासूबाईंनी न बघताच हात खाली सोडला, आणि तिनं तो दोन्ही हातांनी धरला.